दुखणे जिभेचे, मग शस्त्रक्रिया मानेवर कशासाठी?

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक गृहस्थ पत्नीला घेऊन दवाखान्यात आले. एस.टी.त वाहक म्हणून आयुष्य काढलेले, आता निवृत्त. तोंडात तंबाखूचा बार कायमचा. जिभेच्या उजव्या कडेला एक जखम झाली होती. दात लागला असेल म्हणून दोन-तीन महिने त्यांनी हळद-मध लावून पाहिले. जखम भरली नाही. तुकडा काढून तपासला तेव्हा कर्करोग निघाला. मुंबईला दाखवून ते परतले होते आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. तरीही मनात एक गोष्ट सलत होती.

"डॉक्टर, जिभेचा भाग काढायचा, ते पटलं. पण ते म्हणतात मानेतल्या गाठीही काढणार. माझ्या मानेला काय झालंय? तुम्हीच हात लावून बघा."

मी मान तपासली. खरोखरच हाताला काही लागत नव्हते. सोनोग्राफीतही संशयास्पद असे काही नव्हते.

"चांगल्या मानेला सुरी कशाला लावायची?" त्यांच्या पत्नीने विचारले. "नुसती जीभ करून घेतो म्हणतात हे. पुढे मानेत काही आलंच तर बघू."

प्रश्न अगदी रास्त होता. जगभरचे शल्यचिकित्सकही याच प्रश्नावर अनेक वर्षे वाद घालत होते. त्याचे खात्रीचे उत्तर मिळाले ते आपल्या मुंबईतून. तो सारा विषय आज समजून घेऊ.

लसीका ग्रंथी म्हणजे काय?

शेताला पाटाने पाणी देतात तसे रक्तवाहिन्या शरीराच्या कानाकोपऱ्यात रक्त पोचवतात. त्यातला पातळ अंश बारीक केशवाहिन्यांतून पाझरून पेशींभोवती येतो. बराचसा परत रक्तात जातो, पण काही मागे उरतो. शेतातले जादा पाणी काढून देण्यासाठी चर असतो, तशी या उरलेल्या पाण्यासाठी शरीरात वेगळ्या बारीक वाहिन्यांची व्यवस्था आहे. या वाहिन्यांतील द्रवाला लसीका म्हणतात. दिवसाला साधारण दोन ते तीन लिटर लसीका या मार्गाने मानेच्या मुळाशी असलेल्या मोठ्या शिरांत परत येते.

या वाटेवर जागोजागी वालाच्या किंवा घेवड्याच्या दाण्यासारख्या लहान ग्रंथी आहेत. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाके असत आणि आत जाणारा माल तिथे तपासला जाई. ग्रंथींचे काम तसेच आहे. लसीकेबरोबर आलेले जंतू त्या अडवतात आणि त्यांच्याशी लढतात. पायाला काटा लागून पू झाला की जांघेत अवधाण येते, दाढ किडली की हनुवटीखाली गाठ सुजते. नाक्यावर झटापट चालू असल्याची ती खूण असते. शरीरात अशा पाचशे-सहाशे ग्रंथी असतात. मान, काख आणि जांघ या ठिकाणी त्यांची दाटी असते.

कर्करोगाची पहिली वाट

कर्करोगाच्या पेशी मूळ गाठीपासून सुटतात तेव्हा त्यांना ही लसीकेची वाट आयतीच सापडते. त्या वाहत जाऊन पहिल्या नाक्यावर अडकतात. काही तिथे मरतात, तर काही तिथेच वाढू लागतात. जीभ, गाल, हिरड्या यांची लसीका मानेकडे वाहते. स्तनाची बहुतांशी काखेकडे आणि पायाची जांघेकडे. म्हणून कोणत्या अवयवाचा कर्करोग कोणत्या ग्रंथीत आधी जाईल याचा अंदाज बांधता येतो.

ग्रंथीत शिरलेला रोग सुरुवातीला इतका सूक्ष्म असतो की तो हाताला लागत नाही आणि सोनोग्राफीत किंवा सी.टी. स्कॅनमध्येही दिसत नाही. तोंडाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत मान वरून अगदी साफ वाटत असली, तरी साधारण दहापैकी तीन रुग्णांच्या ग्रंथींत रोग लपलेला सापडतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय तो कळत नाही आणि तसे पाहायचे तर ग्रंथी काढाव्या लागतात.

ग्रंथी काढण्याची कारणे दोन आहेत. लपलेला रोग बाहेर काढणे हे पहिले. रोग कुठवर पोचला आहे हे जाणून पुढचे उपचार ठरवणे हे दुसरे.

मुंबईने दिलेले उत्तर

मानेतील ग्रंथी पद्धतशीरपणे काढण्याच्या शस्त्रक्रियेचे सविस्तर वर्णन अमेरिकेतील जॉर्ज क्राइल यांनी १९०६ साली प्रसिद्ध केले. त्यात ग्रंथींबरोबर मानेचा मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांद्याकडे जाणारी नसही काढली जाई. रोग निघे, पण मान एका बाजूने खपाटीला जाई आणि खांदा पडे. पुढे अर्जेंटिनाच्या ओस्वाल्दो सुआरेझ यांनी १९६३ साली दाखवून दिले की स्नायू, शीर व नस राखूनही ग्रंथी काढता येतात. आज सुरुवातीच्या अवस्थेतील तोंडाच्या कर्करोगात बहुधा जबड्याखालच्या आणि मानेच्या वरच्या व मधल्या भागातील ग्रंथीच काढतात. खालच्या ग्रंथींना गरज पडली तरच हात लावतात.

पण मान साफ वाटत असताना ग्रंथी काढाव्यात, की लक्ष ठेवून गाठ आल्यावर काढाव्यात? मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून यावर अभ्यास केला. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत असलेल्या आणि मानेत गाठ न लागणाऱ्या रुग्णांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटात तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेच्या ग्रंथी काढल्या. दुसऱ्या गटात फक्त तोंडाची शस्त्रक्रिया करून मानेवर लक्ष ठेवले आणि गाठ आली तर ती तेव्हा काढली.

पाचशे रुग्णांचे निष्कर्ष २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील शंभरपैकी ८० रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातील साडेसदुसष्ट. म्हणजे दर आठ रुग्णांच्या ग्रंथी वेळीच काढल्या तर त्यांतल्या एकाचा जीव वाचतो. फरक लहान नाही. "गाठ आली की बघू" असे म्हणणाऱ्यांच्या बाबतीत गाठ दिसेपर्यंत बहुधा रोग पुढे गेलेला असतो.

माझ्यासमोर बसलेल्या दांपत्याला मी हेच आकडे कागदावर लिहून दाखवले. गृहस्थ बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तिकीट आधी काढलेलं बरं. तपासनीस चढल्यावर दंडच."

स्तनाच्या कर्करोगात उलटा धडा

यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की जितक्या जास्त ग्रंथी काढाव्यात तितके चांगले. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास नेमके याच्या उलट सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील सर्व ग्रंथी काढण्याची पद्धत रूढ केली. पाऊणशे वर्षे तीच आदर्श मानली गेली. बर्नार्ड फिशर यांना मात्र शंका आली. स्तनाचा कर्करोग केवळ लसीकेच्या वाटेने टप्प्याटप्प्याने पुढे जात नाही, तर रक्तातूनही लवकर पसरू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. तसे असेल तर नुसती शस्त्रक्रिया वाढवत नेऊन आयुष्य वाढणार नाही. १९७१ साली सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात मोठी आणि लहान शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही, २००२ साली, निष्कर्ष तोच राहिला.

त्यातून पुढे 'पहारेकरी ग्रंथी'ची कल्पना रुजली. डॉक्टर तिला सेंटिनल नोड म्हणतात. स्तनातून निघालेली लसीका काखेत ज्या एक-दोन ग्रंथींत सर्वांत आधी पोचते, त्या पहारेकरी. शस्त्रक्रियेच्या वेळी स्तनात निळा रंग किंवा अत्यल्प किरणोत्सर्गी द्रव्य टोचतात. ते ज्या ग्रंथीत जाते तेवढी शोधून काढतात. तिच्यात रोग नसेल तर पुढच्या ग्रंथींतही नसण्याची शक्यता खूप मोठी असते, म्हणून काखेला आणखी हात लावत नाहीत. त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी ही पद्धत १९९२ साली आणि स्तनासाठी त्यानंतर लगेच पुढे आली. जिथे ही सारी साधने नाहीत तिथे काखेच्या खालच्या भागातील मोजक्याच ग्रंथी काढून तपासण्याची पद्धत टाटा रुग्णालयाने अभ्यासून मांडली आहे.

गाठ लहान आहे, स्तन राखला आहे, रेडिएशन द्यायचे आहे आणि एक-दोनच पहारेकरी ग्रंथींत रोग सापडला आहे, अशा बऱ्याच स्त्रियांच्या काखेतील बाकीच्या ग्रंथी काढल्या नाहीत तरी आयुष्य कमी होत नाही. हे एका मोठ्या अमेरिकन अभ्यासाच्या दहा वर्षांच्या निष्कर्षांतून २०१७ साली स्पष्ट झाले. पण काखेत गाठी हाताला लागत असतील आणि तपासणीत त्यांत रोग ठरला असेल, तर आजही पुष्कळदा काखेतील ग्रंथी पूर्ण काढाव्या लागतात. आपल्याकडे अनेक स्त्रिया उशिरा येतात, त्यामुळे ही वेळ अधिक येते. शेजारच्या बाईंच्या काढल्या नाहीत, मग माझ्या का, असे वाटू शकते. दोघींची अवस्था वेगळी असते, एवढेच त्याचे कारण.

शस्त्रक्रियेनंतर काय होते?

जखमेतील पाणी बाहेर पडावे म्हणून काही दिवस नळी ठेवतात. ती पाहून घाबरू नये. ती कधी काढायची हे रोज किती पाणी येते त्यावर ठरते.

मानेच्या शस्त्रक्रियेनंतर कानाची पाळी आणि मानेची त्वचा बधिर राहते. दाढी करताना ब्लेड लागले तरी कळत नाही, म्हणून आरशात पाहून जपून दाढी करावी. काहींचे ओठाचे टोक थोडे वाकडे होते. पुष्कळदा ते काही महिन्यांत सुधारते. खांद्याची नस राखली तरी ती ताणली जाते. खांदा दुखतो, हात वर नेताना जड वाटतो. व्यायाम केला नाही तर खांदा आखडतो, म्हणून डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सांगतील त्या दिवसापासून व्यायाम सुरू करावा आणि तो महिनोन्महिने चालू ठेवावा.

काखेच्या शस्त्रक्रियेनंतर दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो. सर्वांत त्रासदायक गोष्ट म्हणजे हाताची सूज. चर बुजला की शेतात पाणी साचते, तसे ग्रंथी काढल्यावर हातातील लसीका साचू शकते. काखेतील ग्रंथी पूर्ण काढल्या तर साधारण पाच स्त्रियांपैकी एकीला हा त्रास होतो. फक्त पहारेकरी ग्रंथी काढल्यास वीसांपैकी एकीला. हत्तीरोगात पाय सुजतो तो लसीकेचा मार्ग बिघडल्यानेच. पण ही सूज जंतांमुळे किंवा डासांमुळे आलेली नसते, म्हणून हत्तीरोगाच्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही.

हात असा जपा

शस्त्रक्रियेपूर्वीच शिंप्याच्या टेपने दोन्ही हातांची मापे घेऊन वहीत लिहून ठेवावीत आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावीत. बांगड्या किंवा अंगठी घट्ट होणे, ब्लाऊजची बाही एकाच हाताला तंग होणे, हात जड वाटणे ही सुजेची पहिली लक्षणे आहेत. याच वेळी उपचार सुरू केले तर सूज आटोक्यात राहते.

त्या हाताला काटा, विळी, चटका लागणार नाही याची काळजी घ्यावी. खुरपणी करताना, बाभळीच्या फांद्या ओढताना हातमोजे घालावेत. तव्यावरची भाकरी उलटताना चिमटा वापरावा. लहानशी जखमही धुऊन औषध लावून झाकावी. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, घरगुती लेपावर वेळ घालवू नये.

हात गळ्यात बांधून ठेवणे चुकीचे आहे. लसीकेला हृदयासारखा पंप नाही. स्नायू हलले की ती पुढे ढकलली जाते. म्हणून वेणीफणी, कपडे वाळत घालणे, भिंतीवर बोटे चालवत हात वर नेणे असे हलके व्यायाम डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे सुरू करावेत. पुढे हळूहळू वजन उचलण्याचीही सवय करता येते. सूज आलीच तर दाब देणारी बाही, पट्ट्या आणि शिकलेल्या माणसाकडून केले जाणारे हलके मर्दन यांचा उपयोग होतो. तेल लावून जोरजोरात चोळल्याने मात्र अपायच होतो.

शंका-समाधान

इतक्या ग्रंथी काढल्या तर प्रतिकारशक्ती जाणार नाही का?
नाही. शेकडो ग्रंथी शिल्लक असतात. फक्त त्या बाजूच्या हाताला जंतुसंसर्गाची शक्यता थोडी वाढते, म्हणून वरील काळजी.

मानेत गाठ आली म्हणजे कर्करोगच का?
मुळीच नाही. आपल्याकडे मानेतील गाठींचे एक मोठे कारण क्षयरोग आहे. जुनी माणसे त्याला गंडमाळा म्हणत. दात-घशाच्या संसर्गानेही गाठी येतात. पण तीन आठवड्यांत न जाणारी, कडक, न दुखणारी गाठ तपासून घ्यावीच, विशेषतः तंबाखू, गुटखा किंवा मशेरीचे व्यसन असेल तर. आधी तोंड आणि घसा नीट तपासावा, मग बारीक सुईने गाठीतील पेशी काढून पाहाव्यात. कर्करोगाचा संशय असताना परस्पर गाठ कापून काढल्यास पुढची मोठी शस्त्रक्रिया अवघड होते.

सुई टोचल्याने रोग पसरतो, असे म्हणतात.
अशा बारीक सुईच्या तपासणीने रोग पसरत नाही. या भीतीने तपासणी लांबवली तर मात्र रोगाला पसरायला वेळ मिळतो.

अहवालात '२/२२' असे लिहिले आहे. अर्थ काय?
बावीस ग्रंथी तपासल्या, त्यांतील दोनमध्ये रोग सापडला. किती ग्रंथींत रोग आहे आणि तो ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर आला आहे का, यावर रेडिएशन किंवा केमोथेरपी ठरते. हा कागद जिवापाड जपावा.

खर्चाचे काय?
महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, रेशनकार्ड व ओळखपत्र घेऊन त्यांना आधी भेटावे. दागिने गहाण टाकण्यापूर्वी ही चौकशी जरूर करावी.

पुढे काय झाले?

त्या गृहस्थांनी दोन्ही शस्त्रक्रिया एकदमच करून घेतल्या. पंधरा-वीस दिवसांनी ते अहवाल घेऊन आले. मानेतून सव्वीस ग्रंथी निघाल्या होत्या. पंचवीस साफ होत्या. जी मान मी स्वतः चाचपून साफ म्हटली होती, तिच्यातल्या साबुदाण्याएवढ्या एका ग्रंथीत रोग होता. रेडिएशनचा सल्ला मिळाला होता, पण घरात पुतणीचे लग्न होते. "ते उरकून दीड-दोन महिन्यांनी जातो," असे ते म्हणू लागले. मी त्यांना बसवून सांगितले की तोंडाच्या कर्करोगात रेडिएशन द्यायचे असेल तर ते शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागते. उशीर झाला तर शस्त्रक्रियेने मिळवलेले निसटू शकते. त्यांच्या पत्नी त्यावर एवढेच म्हणाल्या, "लग्नाला मी जाईन. हे तिकडे जातील."

आज ते दर दोन महिन्यांनी तपासणीला येतात. बोलणे थोडे बोबडे झाले आहे. उजव्या हाताने पिशवी उचलताना खांदा अजून कुरकुरतो. तंबाखूची डबी त्यांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नातवाच्या हाती दिली. तो त्यात गोट्या ठेवतो.

वाचकहो, या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. तोंडातला चट्टा किंवा जखम तीन आठवड्यांत भरली नाही, किंवा स्तनात गाठ हाताला लागली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. रोग मूळ जागीच असताना सापडला तर मानेला किंवा काखेला हात लावण्याचे काम थोडक्यात आटोपते.